घाट उभा करताना : गणपतीच्या देखाव्याच्या कामाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

जागा मोजून झाली. नारायण पेठेतली गल्ली, त्यामुळे रुंदीची चैन नाही. मांडवात आतून पाच मीटर रुंदी आणि प्रेक्षकांच्या दोरीपासून मागच्या पडद्यापर्यंत सहा मीटर. त्यातले पहिले दोन मीटर मोकळे सोडायचे, नाहीतर पोरं हात लावणारच. म्हणजे देखाव्याला खरी खोली चार मीटर.

विषय वारी. अध्यक्षांना चंद्रभागेचं वाळवंट हवंय. "लांबच लांब दिसलं पाहिजे, आणि पार मागे कळस." चार मीटरमध्ये लांबच लांब. विचार करते म्हणाले.

एक गोष्ट मात्र आजच पदरात पाडून घेतली : मूर्ती वेगळ्या मखरात बसणार, देखाव्यात नाही. चार फुटी मूर्तीशेजारी आमची लहान केलेली माणसं आली, की डोळा लगेच तुलना करतो आणि सगळा डाव उघडा पडतो.

नोंदी ठेवतेय त्या पुढच्या वर्षी हे काम ज्याच्या गळ्यात पडेल त्याच्यासाठी.

१४ जून, शनिवार

वाळवंट नको. कारण लिहून ठेवते, कारण हा आग्रह पुन्हा होणार.

सपाट जमिनीवर उभं राहिलं की क्षितिज बरोबर आपल्या डोळ्यांच्या उंचीवर दिसतं. उंच माणसाला त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, पोराला पोराच्या. माणूस खाली बसला तर क्षितिजही त्याच्याबरोबर खाली येतं. खरं क्षितिज इतकं लांब असतं की ते प्रत्येकाच्या सोयीनं वागू शकतं. पडद्यावर रंगवलेलं क्षितिज मात्र एकाच उंचीवर खिळलेलं. दीडशे सेंटिमीटरवर रंगवलं, तर ज्याचे डोळे दीडशेवर आहेत त्याला जमीन सपाट दिसेल. शंभरवर डोळे असलेल्या पहिलीतल्या मुलाला तीच जमीन पुढे वर चढत जाताना दिसेल, आणि वडिलांच्या खांद्यावर बसलेल्याला खाली उतरताना.

हे पेंटरकाकांना सांगितलं, तर ते क्षणभर थांबून म्हणाले, "मग चढच दाखव की. दिवे घाट घे." काकांनी पन्नासेक वर्षं मांडव रंगवलेत, त्यांना भूमिती सांगावी लागत नाही. घाट चढताच असतो. कुणाला तो थोडा जास्त चढता दिसला, कुणाला कमी, तरी घाट तो घाटच. विषय बदलला. अध्यक्ष थोडे खट्टू झाले, पण घाटातल्या वळणावळणाच्या रांगेचा फोटो दाखवल्यावर गप्प बसले.

२२ जून, रविवार

आज माउलींची पालखी पुण्यातून सासवडला निघाली. पहाटेच घाटाच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिलो. फोटो भरपूर मिळाले. कामाच्या तीन गोष्टी.

पहिली, रंग. पावसाळी हवेत समोरची माणसं आणि झेंडे गडद. वरच्या वळणावरची भगवी पताका फिकट, निळसर राखाडीकडे झुकलेली. अंतर वाढतं तसा रंगातला फरक मरत जातो. काकांनी हे वहीत खडूनं नोंदवून घेतलं, फोनवर त्यांचा विश्वास नाही.

दुसरी, पोत. पायाजवळची खडी एकेक दिसते, वीसेक पावलांवर तिचा रवा होतो, पुढे नुसताच रंग.

तिसरी, चढ. बरोबरच्या कार्यकर्त्यांना विचारलं, किती अंशांचा असेल? "तीस-पस्तीस सहज." फोन रस्त्यावर आडवा ठेवून बघितला, आकडा एक आकडीच. यात कुणाचा दोष नाही, सगळ्यांचंच असं होतं. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात डेनिस प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना टेकड्यांसमोर उभं करून चढ विचारला, तेव्हा पाच अंशांच्या चढाला लोक वीसच्या आसपास सांगत. गंमत अशी, की त्याच लोकांना हाताकडे न बघता तळव्याखालची फळी चढाइतकी तिरकी करायला सांगितली, तर हात खऱ्या आकड्याच्या बराच जवळ जायचा. तोंडाचा अंदाज एक, हाताचा दुसरा.

आपल्यापुरता निष्कर्ष : घाट आहे तेवढाच रंगवायचा. उभा दिसावा म्हणून आपणच वाढवून रंगवला, तर बघणारा त्यावर आणखी वाढवणार, आणि घाटाऐवजी भिंत होईल.

६ जुलै, रविवार

आषाढी. काम नाही, साबुदाण्याची खिचडी. वर्गणीच्या हिशेबातून प्लायवूडला किती मिळणार ते अजून कळत नाही.

१२ जुलै, शनिवार

आज बसून आकडे केले. सगळ्या देखाव्याचा कणा हाच आहे, म्हणून सविस्तर.

जमिनीवरची वस्तू किती लांब आहे हे कळायला शरीराकडे एक सोपं माप असतं : नजर आडव्या रेषेपासून किती खाली वाकवावी लागते. जवळच्या वस्तूसाठी जास्त, लांबच्यासाठी कमी. हा कोन आणि डोळ्यांची जमिनीपासूनची उंची, एवढ्यावर अंतर निघतं. २००१ मध्ये ऊई, वू आणि ही या संशोधकांनी लोकांना नजरेचा हा कोन वाढवणाऱ्या लोलकांचे (प्रिझमचे) चष्मे लावले, तर लक्ष्य आहे त्याहून जवळ वाटू लागलं. म्हणजे शाळेतल्या त्रिकोणमितीचं हे गणित आपण चालताबोलता नकळत करतो, आणि त्यातली उभी बाजू म्हणजे आपण स्वतः.

मग घाटाआधीच्या सपाट वाटेसाठी तोच कोन खोटा करायचा. डोळे १५० सेंटिमीटरवर धरले. दोरीपासून दोन मीटरवर उतरती फळी सुरू करायची, म्हणजे आपल्या बाजूनं चढती, आणि पाच मीटरवर ती ७५ सेंटिमीटर उंच न्यायची. डोळ्यापासून फळीच्या टोकाकडे रेघ ओढून ती तशीच पुढे नेली, तर जमिनीला टेकते बरोबर दहा मीटरवर. म्हणजे पाच मीटरवरची फळी दहा मीटरवरची जमीन म्हणून खपते. मधले आकडे सरळ हिशेबात येत नाहीत : तीन मीटरवरचा बिंदू ३.६ मीटरवर वाटतो, चारचा सहावर, पाचचा दहावर. खडी त्याच प्रमाणात बारीक करत न्यायची.

माणसं : १६५ सेंटिमीटरचा वारकरी तीन मीटरवर ठेवायचा तर १३७, चारवर ११०, पाचवर ८२.

आता शरीर बदलून बघा. १६० वर डोळे असणाऱ्याला फळीचं टोक ९.४ मीटरवर, १४० वाल्याला १०.८ वर. मोठ्या माणसांत एवढाच फरक पडतो, तो चालेल. पण १०० वर डोळे असलेल्या पोराच्या हिशेबानं तेच टोक वीस मीटरवर जातं! आणि तिथला ८२ सेंटिमीटरचा वारकरी सव्वातीन मीटरहून उंच ठरतो. उलट, बाबांच्या खांद्यावर बसून २०० वरून बघणाऱ्याला टोक आठ मीटरवर आणि वारकरी १३२ सेंटिमीटरचा.

नुसत्या कोनांचा हा हिशेब आहे. माणूस केवढा असतो हे पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे राक्षस काही दिसणार नाही. पण काहीतरी खटकणार. पोरांचं वेगळं काहीतरी करावं लागेल.

२० जुलै, रविवार

दहास एक मापाचं पुठ्ठ्याचं मॉडेल तयार. ते टेबलावर ठेवून, डोळा ठरलेल्या उंचीवर नेऊन बघायचं.

अध्यक्ष : "पुठ्ठा दिसतोय."
काका : "काय बोलता? चांगला मैलभर घाट दिसतोय."

दोघंही खरं बोलत होते. काकांचा डावा डोळा लहानपणी विटीदांडूत गेलाय. अध्यक्षांना मी एक डोळा मिटायला लावला, डोकं हलवू नका म्हटलं, आणि ते एकदम "अरेच्या" म्हणाले.

दोन डोळ्यांना एकच दृश्य जरा वेगवेगळ्या जागांवरून दिसतं आणि त्या फरकातून मेंदू खोली काढतो, हे चार्ल्स व्हीटस्टोननं १८३८ मध्ये दाखवलं. तेही हातानं काढलेल्या चित्रांच्या जोड्या आरशांतून दाखवून, कारण फोटोग्राफी अजून जाहीरही झाली नव्हती. फरक किती पडणार हे ठरतं दोन बाहुल्यांमधल्या अंतरावर. मोठ्या माणसांत हे सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. आपलं किती ते बघायचं तर चष्म्याच्या कागदावर पीडी म्हणून आकडा असतो. माझा ६१.

हत्यार जबरदस्त, पण पल्ला आखूड. पुस्तक तीस सेंटिमीटरवर धरलं तर दोन नजरांमधला कोन बारा अंश असतो. सहा मीटरवर तो जेमतेम ०.६ अंश. डोळे आत वळवणाऱ्या स्नायूंना तिथून पुढे सांगण्यासारखं काही उरत नाही. दोन वस्तूंमधला फरक मात्र अजून कळतो. एका अंशाचा साठावा भाग एवढाच फरक ओळखणारी साधारण नजर धरली, तरी दोन मीटरवर दोन सेंटिमीटरसुद्धा मागेपुढे असलेलं कळेल. सहा मीटरवर तेच कळायला सतरा सेंटिमीटर लागतील. चांगली नजर याहून पुष्कळ बारीक पकडते.

मॉडेल अर्ध्या मीटरवर होतं म्हणून अध्यक्षांचे डोळे सगळं पकडत होते. मांडवात एवढं वाईट दिसणार नाही. तरी त्यातून कामाची वाटणी ठरली : पुढे खरी खोली, मागे रंगातली. देखाव्याच्या पहिल्या दोन मीटरांत भरीव वस्तू, म्हणजे खरं तुळशीवृंदावन, खरी वीणा, कागदाच्या लगद्याची गोल माणसं. मागे डोंगराचे कापून उभे केलेले थर नकोतच; एकेक थर वेगळा कळतो आणि मग सगळंच कापलेलं वाटतं. घाट, डोंगर, आभाळ सगळं एकाच पडद्यावर, आणि उजेड मंद. कमी उजेडात दोन डोळ्यांची ही करामत मंदावते.

जाता जाता : काका चहा ओतताना कपाकडे बघत मान किंचित डावी-उजवी हलवतात. आजवर ती लकब वाटायची. एका डोळ्यानं बघणारी माणसं वस्तू उचलताना डोकं जास्त हलवतात हे अभ्यासांतही दिसलंय. मान हलली की जवळची वस्तू मागच्या वस्तूवरून जास्त सरकते, तेच दुसऱ्या डोळ्याचं काम करतं. काका म्हणाले, "मला काय माहीत, कप चुकत नाही एवढं खरं."

म्हणजे प्रेक्षक चालत चालत बघणार असतील तर आपलं काही खरं नाही. पण आपल्याकडे निवेदन असतं, दिवे उजळतात-मंदावतात, पाच-सहा मिनिटं माणूस एका जागी उभा राहतो. ध्वनिफितीचा असाही उपयोग.

२७ जुलै, रविवार

निवेदनाच्या मजकुरावरून वाद. कुणीतरी लिहून आणलंय : "डोईवर तुळस आणि खांद्यावर ओझं घेतलेल्या माउलीला घाट अधिकच उभा दिसतो, असे विज्ञान सांगते." मी वाक्य काढायला लावलं.

हे आलं कुठून, तेही लिहिते. प्रॉफिट आणि मुकुल भल्ला यांनी १९९९ मध्ये छापलं, की पाठीवर जड पिशवी असलेल्यांनी टेकडी जास्त उभी सांगितली. शरीराला चढायला जेवढं जड तेवढा चढ जास्त दिसतो, अशी ती मांडणी. ऐकायला फार गोड, त्यामुळे सगळीकडे पसरली. पण २००९ मध्ये फ्रँक डर्गिन आणि सहकाऱ्यांनी काही जणांना पिशवी देताना तिचं एक निराळंच कारण सांगितलं : स्नायूंची मोजणी करणारी यंत्रं आत आहेत. त्या लोकांच्या अंदाजात पिशवीनं फरक पडला नाही. म्हणजे आधीच्या लोकांनी पिशवीचा हेतू ओळखून उत्तर दिलं असण्याची शक्यता मोठी. वाद अजून मिटलेला नाही, दोन्ही बाजूंनी लिहिलं जातं. पण मांडवात लाउडस्पीकरवरून "विज्ञान सांगते" म्हणण्याइतकं ते पक्कं नाही.

डोळ्यांची उंची, डोळ्यांमधलं अंतर, मानेची हालचाल, यांचं गणित मांडता येतं आणि सुतळी लावून तपासता येतं. थकव्यानं चढ वाढतो की नाही हे मला आमच्या मांडवात तपासता येणार नाही. अध्यक्ष म्हणाले, "बरं, मग माउलीला घाट सोपा वाटतो असं लिहू." ते चालेल, तो भक्तीचा प्रांत आहे.

१० ऑगस्ट, रविवार

मांडव उभा. प्लाय टिंबर मार्केटमधून आलं, खिळे-स्क्रू बोहरी आळीतून. फळी तीन तुकड्यांत केली, गल्लीतून एकसंध आत येईना. पत्र्यातून एका कोपऱ्यात गळती आहे, पडद्याच्या बरोबर वर.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी, त्यामुळे निम्मे कार्यकर्ते गायब. उरलेल्यांनी माणसं लावली.

तपासणीची पद्धत, कुणालाही जमेल अशी : १५० सेंटिमीटर उंचीवर पुढून मागे सुतळ्या आडव्या ताणायच्या. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या, बघणाऱ्याच्याच उंचीच्या प्रत्येक माणसाला क्षितिज डोळ्यांवरच कापतं, तो जवळ असो वा लांब. तेव्हा सुतळी प्रत्येक वारकऱ्याच्या डोळ्यांवरून गेलीच पाहिजे. पाच मीटरवरचा वारकरी ७५ वर उभा, उंची ८२. त्याचे डोळे बरोबर १५० वर येतात. बायकांचे पुतळे १५२ सेंटिमीटरच्या हिशेबानं केलेत, त्यांच्या डोक्याच्या टोकाला सुतळी नुसती घासून जाते. झेंडेकऱ्याचा एक पुतळा सुतळीच्या वर छातीपर्यंत निघाला. खाली बघितलं तर कुणीतरी तो विटेवर उभा केला होता. विटेवर उभं राहायचा मान या विषयात एकालाच आहे, म्हणून काकांनी वीट काढली.

२३ ऑगस्ट, शनिवार

दिव्यांची चाचणी. पुढे पिवळट उजेड, मागे निळा आणि डिमरवर बराच खाली. पडद्यापुढे पातळ जाळी ताणली, तिच्यावर कडेनं उजेड मारल्यावर घाटात धुकं उतरलं. गळती बंद झाली नाहीय, पत्र्यावर प्लास्टिक टाकलंय.

मग गल्लीतली पोरं आणून उभी केली. मोठ्यांना घाट झकास दिसत होता. माझी पुतणी म्हणाली, "रस्ता आधीपासूनच वर चाललाय." बरोबर! तिच्या डोळ्यांची उंची ९८. आम्हाला जी दहा मीटरची सपाट वाट दिसते ती तिला घसरगुंडी दिसते, घाट सुरू व्हायच्या आधीच.

दोघं जण लगेच पाठ फिरवून, वाकून पायांच्या फटीतून बघू लागले, आणि बाकीचेही. तसं बघितलं की दृश्य चपटं वाटतं हे पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. जपानमध्ये हिगाशियामा आणि अदाची यांनी २००६ मध्ये याचाच अभ्यास छापला. लांबच्या गोष्टी लहान आणि जवळ आल्यासारख्या वाटतात, आणि नुसतं दृश्य उलटं करणारा चष्मा लावून सरळ उभं राहिलं तर तसं होत नाही; शरीरच उलटं व्हावं लागतं. २०१६ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. आमच्या गल्लीत मात्र या प्रयोगाला अध्यक्षांचा ओरडा मिळाला.

२७ ऑगस्ट, बुधवार

प्रतिष्ठापना. सकाळी साडेअकराला पडदा उघडला. बाकी लिहायला वेळ नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

आज गौरी आल्या, म्हणून बायका-पोरांची गर्दी कमी असेल म्हटलं होतं, संध्याकाळी उलटीच.

पोरांची फळी बसवली. दोरीलगत ४५ सेंटिमीटर उंच, दीड मीटर लांब, पुढे कठडा. शंभर आणि पंचेचाळीस, म्हणजे १४५. मोठ्यांच्या पट्ट्यात आलं.

फळीच्या कडेला लाल-पांढरा पट्टा मुद्दाम रंगवला. सुताराला ते आवडलं नाही, त्याला ती गुपचूप जमिनीसारखी हवी होती. पण १९८७ मध्ये वॉरेन आणि व्हांग यांनी असंच केलं होतं : बघणाऱ्याच्या नकळत समोरची जमीन उंच केली, तर समोरची फट खरी होती त्याहून रुंद, सहज जाता येईल अशी वाटू लागली. पायाखालची जमीनच जमीन, असं धरून शरीर बाकीचं जग मोजतं. आम्हाला हवंय की पोरानं स्वतःला उंचावर उभं समजावं आणि देखाव्याची जमीन खाली, मोठ्यांच्या पायांशी आहे असं धरावं. म्हणून कड दिसलीच पाहिजे. शिवाय पडणार नाहीत.

पुतणीला उभी केली. "आता रस्ता आधी सरळ आहे, मग चढतो." खांद्यावरच्या पोरांसाठी काही करता येत नाही. त्यांना तसाही मांडवापेक्षा बापाच्या डोक्यावरचे केस ओढण्यात रस.

४ सप्टेंबर, गुरुवार

एक आजी चाकाच्या खुर्चीतून आल्या होत्या. डोळे साधारण ११५ वर असतील, म्हणजे फळीचं टोक त्यांच्या हिशेबानं चौदा मीटरच्याही पुढे. खुर्ची वर चढवायची सोय नव्हती. त्यांना म्हटलं, तुम्हाला चढ जरा लवकर सुरू झालेला दिसेल. त्या म्हणाल्या, "हडपसर सोडलं की चढच असतो बाई. सोळा वेळा चालले आहे मी." आणि निवेदन संपेपर्यंत हलल्या नाहीत.

खुर्चीसाठी उतार करायला बरीच लांबी लागेल. यंदाच्या जागेत बसत नाही; दोरी डावीकडून तिरकी घेतली तर बसेल. मापं घेऊन ठेवली.

८ सप्टेंबर, सोमवार

उतरवलं. फळीचे तीन तुकडे क्रमांक घालून काकांच्या माळ्यावर, पुतळे अध्यक्षांच्या गच्चीखाली. जाळी धुऊन ठेवायची आहे. पडदा गळतीच्या कोपऱ्यात डागाळला, पण डाग आभाळात आहे आणि काका म्हणतात तो ढग म्हणून राहू दे. डिमर भाड्याचा होता, परत केला, अनामत यायची बाकी.